रिकामी पट्टी

आमच्या लॅबमधल्या मोठ्या फ्रीजरच्या दारावर एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती आणि तिच्यावरचं एकही अक्षर कुणाला वाचता यायचं नाही. तमिळ पोरांना वाटायचं हिंदी असेल, बिहारहून आलेल्या एकाला वाटायचं तमिळ असेल, आणि नवीन कुणी आलं की जुने लोक गंभीर चेहऱ्याने सांगायचे, मंत्र आहे तो, वीज जाऊ नये म्हणून. मी साताऱ्याहून चेन्नईला पीएचडी करायला आले तेव्हा मलाही हेच सांगितलं. मी जवळ जाऊन बघितलं. आडव्या रेघेला लटकलेली ती वळणं बघून म्हटलं, अरे, ही तर मोडी! आमच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत असले कागद होते. वाचता मलाही येत नव्हतं, पण ओळखू आलं.

“काय लिहिलंय?” मागे एक बाई उभ्या होत्या, त्यांना मी इंग्रजीत विचारलं.

“दार नीट लाव,” त्या मराठीत म्हणाल्या.

दोन क्षण मला कळलंच नाही की हे मराठी आहे. चाल तमिळ होती, शेवट वर चढवलेला.

“पण हे कुणाला वाचता येत नाही, मग लावून काय उपयोग?”

“मज येतें की. दार उघडें टाकणारी मीच. दुसऱ्यांस मी तोंडानें सांगत्यें.”

त्या अक्का. नाव मी लिहिणार नाही. त्यांचं नाव आयुष्यात एकदाच छापून आलं आणि त्याचं काय झालं ते सांगायलाच मी बसले आहे. खरं तर अक्का म्हणायचाही अधिकार मला उरलेला नाही, त्यांनीच तो काढून घेतला होता. पण आता त्या ऐकायला नाहीत, तेव्हा म्हणते.

घराणं तंजावरचं मराठी. त्यांचे कुणी पूर्वज कधी काळी खाली उतरले ते उतरलेच. अक्का बोलायला लागल्या की मला आजोबांच्या ट्रंकेतलं पत्र कुणी मोठ्याने वाचतंय असं वाटायचं, मध्येच एखादा तमिळ ‘सरी’ नाहीतर ‘अय्यो’ आला की भानावर यायचे. माझ्या मराठीला त्या नाक मुरडायच्या. “केलंय, गेलंय, झालंय! अर्धा शब्द गिळून टाकत्येस. जेवलीस नाही की काय?” असं म्हणायच्या आणि डबा पुढे सरकवायच्या.

हुद्दा टेक्निशियनचा. तीस वर्षांवर त्या एकाच लॅबमध्ये होत्या. आमचे सर, म्हणजे लॅबचे प्रमुख, स्वतः तिथे विद्यार्थी होते तेव्हापासून. आणि त्यांचं काम एकच, अँटिबॉडी. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शरीरात बाहेरचं काही घुसलं की रक्तात त्याला बरोब्बर ओळखून धरणारे रेणू तयार होतात, त्या अँटिबॉडी. एखादं प्रोटीन सशाला किंवा उंदराला टोचून अशी अँटिबॉडी बनवून घेता येते. मग आपल्याला ज्या पेशी तपासायच्या त्यांच्यातली सगळी प्रोटीनं आकाराप्रमाणे वेगळी करून एका पातळ पडद्यावर उतरवायची, आणि वर ती अँटिबॉडी सोडायची. ती आपलं प्रोटीन शोधून त्याला चिकटते. पण ती दिसत नाही. म्हणून तिला धरणारी दुसरी अँटिबॉडी सोडायची, जिला उजेड पाडणारं रसायन जोडलेलं असतं. अंधाऱ्या खोलीत त्यावर एक्स-रेची फिल्म दाबून धरली की जिथे प्रोटीन तिथे काळी रेघ उमटते. सगळीकडे आता कॅमेऱ्याची यंत्रं आली. आमच्याकडेही होतं. अक्का त्याच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत, त्यांना फिल्मच लागायची.

हे सगळं मी एवढ्या ओळींत सांगितलं, अक्का दोन वाक्यांत सांगायच्या. “पहिली जाते आणि प्रोटीनास धरते. दुसरी जाते आणि पहिलीस धरते. आपण दुसरीस पाहतों आणि म्हणतों, पहिलीनें धरलें. पण दुसरीनें भलत्यासच धरलें असेल तर? तीस कोण विचारतो?”

म्हणून रिकामी पट्टी. दर वेळी पडद्याची एक पट्टी कापून वेगळी ठेवायची आणि तिला पहिली अँटिबॉडी द्यायचीच नाही, फक्त दुसरी द्यायची. ती पट्टी कोरी आली पाहिजे. तिच्यावर रेघ उमटली तर समजायचं की दुसरी खोटं बोलते आहे आणि बाकीच्या सगळ्या रेघा कचऱ्यात. हा काही अक्कांचा शोध नव्हे, पुस्तकात लिहिलेलंच असतं. पण पुस्तकात लिहिलेलं रोज कोण करतं? पहिल्यांदा करतात, दुसऱ्यांदा करतात, मग म्हणतात, आता माहीत आहे की. अक्का तीस वर्षं दर वेळी करत होत्या. सॅम्पल थोडं असो, घाई असो, सर दारात येऊन उभे असोत. आम्ही त्यांच्या मागे त्याला ‘नैवेद्याची पट्टी’ म्हणायचो. त्यांना कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत.

पडदा धुवायचा तर दहा-दहा मिनिटं, तीन वेळा. त्याला घड्याळ लावतील तर त्या अक्का कसल्या. सकाळी मैलापूरच्या देवळाच्या तळ्याजवळून सुट्या मोगऱ्याच्या कळ्या पदरात बांधून आणायच्या, डबे खायच्या खोलीत बसून गुंफायच्या आणि हाताने मापून उठायच्या. अर्धा हात माळ झाली की दहा मिनिटं झाली. आम्ही चोरून घड्याळ लावून बघितलं होतं, कधी अर्ध्या मिनिटाचा फरक पडला तर पडला. माळ मग लॅबमधल्या मुलींना वाटली जायची. माझे केस तेव्हा मुलासारखे कापलेले. माझ्या वाटची माळ त्या माझ्या खुर्चीच्या पाठीला बांधायच्या आणि म्हणायच्या, “खुर्चीस तरी शोभा येऊं दे.”

धुऊन होईपर्यंत बसून काय करायचं, म्हणून त्या मला मोडी शिकवायच्या. जुन्या फिल्म्सची पाकिटं काढायच्या आणि आतल्या फिल्म्सवरची लेबलं वाचायला लावायच्या. कारण त्यांची लेबलंही मोडीत! सर सुरुवातीला चिडले असतील, पण तीस वर्षांत एकही फिल्म हरवली नाही म्हटल्यावर गप्प बसले. दर फिल्मच्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईने बारीक अक्षरांत तारीख, सॅम्पल काय, हात कुणाचा, आणि रिकामी पट्टी कोरी आली की नाही. ‘हात’ म्हणजे प्रयोग कुणी केला. नाव लिहायच्या नाहीत. ‘हात माझा’, ‘हात उंच मुलाचा’, ‘हात चष्म्याचा’. माझ्या सगळ्या फिल्म्सवर ‘हात पोरीचा’. सरांना काही विचारायचं असलं की ते अक्कांना बोलावून लेबल वाचून घ्यायचे. “या लॅबमध्ये लेबल म्हणजे शेवटचा शब्द,” असं ते पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे.

एका चक्रीवादळात दोन दिवस वीज गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी संस्थेचा जनरेटरही बसला. रस्त्यात गुडघाभर पाणी, गाड्या बंद. अक्का मैलापूरहून चालत आल्या, साडी खोचून, हातात इडलीचा मोठा थर्मास. अँटिबॉडी एकदा वितळली आणि पुन्हा गोठवली की तिचा जीव अर्धा होतो, म्हणून नेमक्या जपायच्या त्या बाटल्या त्यांनी बर्फात घालून थर्मासमधून घरी नेल्या, कारण त्यांच्या गल्लीत वीज होती. घर सोवळ्याओवळ्याचं. त्यांचे वडील, त्यांना सगळे आप्पा म्हणत, नव्वदीला आलेले. त्यांनी विचारलं, हें काय? अक्का म्हणाल्या, औषध. कुणाचें? लॅबचें. बर्फाच्या कप्प्यात चार दिवस सशाचं रक्त राहिलं. नंतर धाकट्या बहिणीने विचारलंच, खरं सांग काय होतें तें. अक्कांनी खरं सांगितलं. बहिणीने फ्रीज तीन वेळा पुसला. “मी म्हटलें तीस, दहा-दहा मिनिटें पूस,” हे सांगताना अक्का डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या इतक्या हसलेल्या मी पुन्हा पाहिल्या नाहीत.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा आप्पा खिडकीशी बसले होते. तंजावरला जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरात त्यांनी उभा जन्म नकलनवीस म्हणून काढला होता. मोडीतले कागद बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवायचे, वर मोठे लोक त्याचे ग्रंथ छापायचे. आप्पांचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही. मला म्हणाले, “हातानें लिहिलें तें माझें. छापलें तें त्यांचें. असो.” हे ‘असो’ ते इतकं हळू म्हणाले की मला उगाच भरून आलं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की माझा पेपर, म्हणजे शोधनिबंध, निघेल तेव्हा अक्कांचं नाव त्यावर घालायचं. टेक्निशियनचं नाव कोण घालतं? तळाशी आभारात एक ओळ. मला वाटलं, मी काहीतरी मोठं करते आहे. बघा माझा मोठेपणा.

माझं काम मूत्रपिंडाच्या सुजेवर होतं. सुजलेल्या मूत्रपिंडात एक प्रोटीन वाढतं असं मला दाखवायचं होतं. बशीत वाढवलेल्या पेशींवर झालं होतं, तिथे मी रिकामी पट्टी ठेवली होती आणि ती कोरी आली होती. आता शेवटचं, आजारी उंदरांच्या मूत्रपिंडात तेच दाखवायचं. सॅम्पल इवलंसं. आणि त्याच आठवड्यात आप्पा न्हाणीघरात पडले, कमरेचं हाड मोडलं. अक्का तीन आठवडे रजेवर गेल्या. सर परदेशी परिषदेला.

मी एकटी होते. सॅम्पल मोजून पाहिलं तर रिकाम्या पट्टीला द्यायचं म्हणजे एक आजारी उंदीर कमी दाखवावा लागणार. मी म्हटलं, पेशींवर कोरी आलीच आहे की. जाऊ दे. एवढाच विचार केला. ‘जाऊ दे.’ एवढ्या दोन शब्दांवर मी सगळं घातलं. रेघा अशा झकास आल्या म्हणून सांगू! निरोगी उंदरांत पुसट, आजारी उंदरांत काळ्याभोर. अंधाऱ्या खोलीत मी एकटीच नाचले.

अक्का परत आल्या. त्यांच्या टेबलावर तीन आठवड्यांच्या फिल्म्सचा ढीग होता. पांढरी शाई काढून त्या लेबलं लिहायला बसल्या. माझी फिल्म उजेडाला धरून बराच वेळ बघितली. खूश झाल्या.

“हात तुझा?”

“हो.”

“रिकामी पट्टी ठेवली होतीस की?”

मी त्यांच्या हाताकडे बघत होते. बोटं सुजली होती, आप्पांना उचलून उचलून. मला वाटलं, नाही म्हटलं तर आत्ताच्या आत्ता सगळं पुन्हा करायला लावतील, आणि पुन्हा करायला सॅम्पल कुठे आहे?

“हो,” मी म्हणाले.

“कोरी?”

“कोरी.”

त्यांनी मान डोलावली आणि लिहिलं. मी काय लिहिलं ते बघितलं नाही. पाणी प्यायला गेले.

पेपर निघाला. चार नावांत तिसरं नाव अक्कांचं. सरांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, तीस वर्षांत हे मला का सुचलं नाही? अक्कांचे निवृत्तीचे दिवस जवळ आले होते, आणि त्यानंतर दोन वर्षं त्यांना ठेवून घ्यायचं, नव्या मुलांना शिकवायला, असंही सरांनी कचेरीत लिहून दिलं. अक्कांना ही मुदतवाढ फार हवी होती. घरी बसून काय करूं, भिंतीस धुवूं? असं म्हणायच्या. पेपरवर नाव घालते म्हटल्यावर मात्र, “माझें नांव कशास? वेण्डाम, नको,” असं तीनदा म्हणाल्या. चौथ्यांदा म्हणाल्या, “आप्पांस दाखवीन.”

मी पहिलं पान छापून घेऊन गेले. आप्पांनी भिंग लावून नाव वाचलं. मग दुसऱ्या डोळ्याने वाचलं. “किती जण वाचतील हें?” त्यांनी विचारलं.

“खरं सांगू आप्पा? वीस-पंचवीस.”

“पुष्कळ झाले,” आप्पा म्हणाले. पान कॅलेंडरच्या शेजारी भिंतीला लागलं. खाटेवर पडल्या पडल्या हात लागेल एवढं खाली, ते त्यावर बोट फिरवायचे.

चार महिन्यांनी अक्का फ्रीजर आवरायला घेऊन बसल्या. निवृत्तीआधी सगळं जिथल्या तिथे करून जाणार. एका नळीच्या तळाला माझ्या आजारी उंदराचं सॅम्पल राहिलेलं निघालं, अगदी थेंब. दुसरं कुणी टाकून दिलं असतं. अक्कांना टाकवेना. नव्या मुलीला रिकामी पट्टी कशी ठेवायची ते दाखवू म्हणून त्यांनी तो थेंब त्या पट्टीला वापरला.

मी डब्याच्या खोलीत होते. त्या आल्या, फिल्म खिडकीच्या काचेला लावली.

“पोरी, हें पाहा.”

एकच पट्टी. तिच्या मधोमध काळीभोर रेघ, बरोब्बर माझ्या रेघेच्या जागी.

“ही रिकामी,” अक्का म्हणाल्या.

या धंद्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. माझी पहिली अँटिबॉडी उंदरापासून बनवलेली होती. म्हणजे दुसरीचं काम उंदराच्या अँटिबॉडीला धरणं. आणि उंदराच्या मूत्रपिंडात उंदराचं रक्त असतं, रक्तात त्याच्या स्वतःच्या अँटिबॉडी असतातच. दुसरीने त्याच धरल्या होत्या. सुजलेल्या मूत्रपिंडात रक्त जास्त झिरपतं म्हणून तिथे रेघ दाट. माझं प्रोटीन त्यात कुठे नव्हतंच. बशीतल्या पेशींत रक्त नसतं, म्हणून तिथे पट्टी कोरी आली होती. पहिल्या वर्षाच्या मुलानेही करू नये अशी चूक, आणि मोठमोठी माणसं करतात अशीही.

“तूं ठेवली होतीस की?” अक्कांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

मी रडायला लागले. सॅम्पल कमी होतं म्हणाले, सर मला काढून टाकतील म्हणाले, घरी आईला काय सांगू म्हणाले. काय काय बडबडले देव जाणे. फक्त ‘नाही’ हा एक शब्द म्हणाले नाही.

“पोदुम,” अक्का म्हणाल्या. पुरे. खाली बसल्या, कळ्या पुढे ओढल्या आणि गुंफायला लागल्या. पडदा कुठलाच धुवायचा नव्हता. माळ हातभर झाली, दोन हात झाली, त्या थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही फिल्म्स घेऊन त्या सरांच्या खोलीत गेल्या आणि मलाही बोलावणं आलं. सरांना एका नजरेत कळलं. पेपर मागे घ्यावा लागणार होता. चेहरा उतरला त्यांचा. त्यांनी माझी जुनी फिल्म उचलली, कोपऱ्यातल्या पांढऱ्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि अक्कांपुढे धरली. “हा प्रयोग कुणी केला? रिकामी पट्टी ठेवली होती का? वाचा.”

मी टेबलाच्या अलीकडे होते. अक्षरं उलटी दिसत होती, पण एक शब्द मला ओळखता आला. ‘पोरीचा’. एवढं मोडी मला त्यांनीच शिकवलं होतं.

अक्कांनी चष्मा लावला. फिल्म उजेडाला धरली. आणि तमिळमध्ये वाचून दाखवलं, “हात माझा. रिकामी पट्टी ठेवली नाही.”

“तुम्ही तर रजेवर होता,” सर म्हणाले.

“मध्ये एक दिवस आले होते.”

“तुम्ही? तुम्ही अक्का?” सर एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता मी बोलायला हवं होतं. मला ते तेव्हाही कळत होतं, नंतर सुचलेलं शहाणपण नव्हे हे. तोंड उघडायचं आणि तीन शब्द म्हणायचे, हात माझा आहे. मी खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे बघत राहिले. बाहेर पडलो तेव्हा माझा जीव भांड्यात पडला होता, हेही लिहून ठेवते. लाज वाटते, पण पडला होता.

जिन्यात मी त्यांचा हात धरला. “अक्का, का असं केलंत?”

त्यांनी हात सोडवून घेतला. “मज दोन महिने उरले. तुज अजून सगळें आहे.” दोन पायऱ्या उतरल्या, थांबल्या. “आणि ऐक. मज पुन्हा अक्का म्हणूं नको.”

पेपर मागे घेतला गेला. मुदतवाढीचा कागद सरांनी परत मागवला. ज्यांनी तीस वर्षांत एक पट्टी चुकवली नाही त्यांना निरोपाच्या दिवशी लोकांनी शाल दिली आणि मागे वळून कुजबुजले, वय झालं बिचारीचं. मी त्या खोलीत होते. टाळ्या वाजवल्या. त्या दोन महिन्यांत मी त्यांना मॅडम म्हणत होते. मोडीचा धडा पुन्हा झाला नाही, माझ्या खुर्चीच्या पाठीला माळ बांधली गेली नाही. त्यांनी मला वाचवलं, पण माफ केलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला करता येतात हे मला तोवर माहीत नव्हतं. जाताना त्यांनी सरांकडे एकच वस्तू मागितली, ती जुनी फिल्म. सरांच्या लेखी तो कचराच होता. घेऊन जा म्हणाले.

मी नवीन सशाची अँटिबॉडी घेऊन सगळं काम पहिल्यापासून केलं. डॉक्टर झाले. पुण्याला नोकरी लागली. दर वर्षी ठरवायचे की पत्र लिहीन, सरांनाही आणि त्यांनाही. काय लिहायचं ते पाठ होतं. पत्र लिहिलं नाही. मग एक दिवस जुन्या मैत्रिणीचा फोन आला, अक्का गेल्या. चार दिवसांचा ताप झाला म्हणे.

गेल्या महिन्यात कामासाठी चेन्नईला गेले होते. मैलापूरला गाडीतून उतरले, तळ्याजवळ कळ्यांचा वाटा घेतला, का घेतला कुणास ठाऊक. दार धाकट्या बहिणीने उघडलं. शाळेत शिकवायची, आता तीही निवृत्त. मी अक्कांच्या लॅबमधली म्हटल्यावर तिने आत घेतलं, कॉफी केली. आप्पांची खाट तिथेच होती, रिकामी. आणि कॅलेंडरच्या शेजारी, खाटेवरून हात पोचेल एवढ्या खाली, काचेच्या चौकटीत ती फिल्म.

“हा एक्स-रे कुणाचा, तूं तरी सांग,” बहीण म्हणाली. “मज वाटायचें आप्पांच्या कमरेचा. पण हाड कुठें दिसत नाही.”

“इथे आधी एक छापलेलं पान होतं ना?”

“होतें की. अक्काचें नांव आलें होतें. मग तिचीच कांहीं चूक निघाली, तें रद्द झालें. घरीं येऊन तिनें पान उतरवलें. त्याजवर ‘रद्द’ म्हणून छापून आलें होतें म्हणे, आप्पांस कसें सांगणार? त्यांस तोंवर दिसेनासें झालें होतें, पण हात लावून पाहायचे, पान कुठें, पान कुठें. मग तिनें हें आणून लावलें. आप्पा कांचेवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, आहे. जाईपर्यंत रोज.” तिने पदराने काच पुसली. “तीस वर्षांत एक चूक. मनास फार लावून घेतलें तिनें. मी म्हणायची, होते ग चूक, तर कांहीं बोलायची नाही.”

मी कॉफी खाली ठेवली.

“कोपऱ्यांत अक्षरें आहेत, पाहा,” ती म्हणाली. “आप्पांनीं मोडी तीस शिकवली, मी पळून जायची. ती सांगायची, लॅबांत एका पोरीस शिकवत्यें, हात चांगला आहे तिचा. तुज येतात का वाचतां?”

येत नाही म्हणता आलं असतं. ‘दार नीट लाव’ लिहिलंय असं म्हणाले असते तरी तिने मानलं असतं. मी चौकट खिळ्यावरून काढली आणि खिडकीशी नेली. अक्षरं सुलटी होती आता. मी एकेक शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, अक्का वाचायला लावायच्या तसं.

“उंदराचें मूत्रपिंड. हात पोरीचा. रिकामी पट्टी विचारली. हो म्हणाली.”

बहीण शाळेत शिकवणारी बाई, तिने सगळी बेरीज मनातल्या मनात केली असणार. मग तिने माझ्या हातातून चौकट घेतली, कळ्यांच्या पुड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“ठेवली होतीस की?” तिने विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.